सगळ्या गावाची मावसबहीण

मामंजींना कोट चढवायचा, हे एकदाचं ठरलं. आता प्रश्न एवढाच उरला होता की त्यांचा उजवा हात बाहीत कोण घालणार. गेल्या हिवाळ्यात झटका आला, तेव्हा त्या हाताने आणि उजव्या पायाने एकदमच राजीनामा दिला होता. मामंजींनी तो अजून मंजूर केलेला नव्हता.

"वन्सं, आधी लुळा हात घाला, मग चांगला," धाकटी सून म्हणाली.

वन्सं, म्हणजे तिची नणंद, बापाच्या काळजीने काल दुपारीच माहेरी आल्या होत्या, आणि आल्यापासून त्या काळजीला त्यांनी कुठेही हात लावला नव्हता. त्यांनी आधी चांगला हात घातला. मग लुळा हात पाठीमागे अडकला, मामंजी कळवळले, आणि वन्सं म्हणाल्या, "कोटच आखूड झालाय मेला."

धाकटी पुढे झाली. कोट काढला, पुन्हा घातला. आपल्या कमरेचा रुंद पट्टा आवळला, मामंजींच्या काखेत खांदा दिला, श्वास धरला आणि त्यांना पलंगावरून लाकडी हातांच्या मोठ्या खुर्चीत आणलं. तिच्या नवऱ्याने खुर्ची धरली. खुर्ची कुठे पळून जाणार नव्हती, पण त्याने ती फार मन लावून धरली. थोरले भाऊजी खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. ते शहरात वकील होते, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांच्या तोडीचा माणूस त्या घराण्यात झाला नव्हता.

"उजवीकडे कलतायत," फोनवर हात ठेवून ते म्हणाले.

ते कलत होतेच. तेव्हा सासूबाईंनी जुन्या चादरीची पट्टी फाडून आणली, मामंजींच्या पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली आणि वरून कोटाची बटणं लावली. दोन पावलं मागे सरून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघा तरी. कोण म्हणेल यांना काही झालंय?"

धाकटीला धास्ती होती ती नेमकी याच वाक्याची.

कारण आज समाजकल्याण खात्याच्या बाई यायच्या होत्या. मामंजींची अवस्था डोळ्यांनी बघायची, आणि पटलं तर सकाळ-संध्याकाळ त्यांना उचलायला, न्हाऊ घालायला सरकारकडून एक मदतनीस द्यायची, असं ते काम होतं. फोन धाकटीनेच केला होता, आणि चोरून नव्हे, जेवताना सगळ्यांसमोर सांगून. तिचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की असंच उचलत राहिलात तर सासऱ्यांच्या शेजारी तुमचीही खाट टाकावी लागेल, आणि मग दोघांना कोण उचलणार ते घरात आत्ताच ठरवून ठेवा. घरात ते ठरवायला कोणाला सवड झाली नव्हती.

फोन केला तेव्हा रण माजलं होतं. पण काल भाऊजी आले आणि त्यांनी निकाल दिला: येताहेत तर येऊ देत, पाहुण्याला नको कसं म्हणायचं? झालं. सरकारी बाईची एकदम पाहुणी झाली. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर या घराला जे सुचतं तेच सुचलं. औषधाच्या बाटल्या कपाटात गेल्या. गादीवरचं मेणकापड गोठ्यात गेलं. पलंगाखालचं भांडं तर असं लपवलं की मामंजींना लागलं असतं तर कोणालाच सापडलं नसतं. फुलदाणी आली. आजारी माणूस बघायला बाई येणार, म्हणून घरातून आजारी माणूस नाहीसा करण्याचं काम पहाटेपासून चाललं होतं, आणि सगळ्यांत जास्त वजन उचलून ते काम धाकटीच करत होती.

"आणि तो पट्टा काढ गं," वन्सं तिला म्हणाल्या. "कपड्यांवरून कसा दिसतो. हमालासारखा."

"पट्टा काढला तर मला उचलता येणार नाही."

"आता कशाला उचलायचंय? बसलेत ना छान."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फुलदाणीकडे पाहत होता. ती स्वयंपाकघरात गेली, पट्टा काढला आणि दुधाच्या रिकाम्या कॅनमागे ठेवला.

तसं पाहिलं तर दोष एकट्या घराला देण्यात अर्थ नव्हता. मामंजी दूध संघाचे अध्यक्ष असताना समोरच्या चक्कीवाल्याने सरकारकडून आजारी आईसाठी मदत मागितली होती. तेव्हा भर सभेत उभं राहून मामंजी म्हणाले होते, "या गावात आजवर सरकारचा जावई झाला नव्हता. आता झाला. मानपान नीट करा." सभागृह हसून हसून लोळलं. चक्कीवाल्याच्या घराला 'जावयाचं घर' हे नाव पडलं ते पडलं. त्यानंतर गावात मदत मागायची कोणाची छाती झाली नाही, असं मामंजी अभिमानाने सांगत. त्याच वर्षी संघातल्या प्रत्येक गोठ्याला सरकारी पैशातून नवं छप्पर मिळालं, मामंजींच्या गोठ्याला सर्वांत आधी. पण ती मदत नव्हे. ते धोरण होतं.

"समोर बघ जरा," सासूबाई तिला ऐकवत. "चक्कीवाल्याच्या आईचं सगळं त्याची मावसबहीण करते. दोन्ही वेळा येते बिचारी, मागच्या दाराने, गाजावाजा नाही. रक्ताची माणसं असावीत तर अशी."

धाकटी यावर मान डोलवी. ती मावसबहीण मास्तरांच्या मागच्या दारातूनही बाहेर पडताना तिने पाहिली होती.

बाई पुढून येणार म्हणून सगळं घर बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसलं होतं. भाऊजींनी स्वागताचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. आणि टकटक झाली ती मागे. धाकटी उठून गेली. गोठ्यातून वाट काढत, बुटांना शेण लागलेली एक मध्यमवयीन बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अगं बाई, तुम्ही गोठ्यातून कशाला आलात?"

"सवय झाली," बाई बूट पुसत म्हणाल्या. "गाडीसुद्धा चक्कीमागे लावते. तुमच्या गावातली पुढची दारं मी अजून पाहिलेली नाहीत."

त्यांना पुढे बैठकीत आणलं तेव्हा सगळ्यांना खुर्च्या फिरवून बसावं लागलं. मामंजींची फिरवता येईना. त्यामुळे घरधनी पुढच्या दाराकडे तोंड करून आणि पाहुणी त्यांच्या पाठीशी, अशी सुरुवात झाली. मग बाईच उठून त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. चहा आला. धाकटी दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

"कसं वाटतं आता?" बाईंनी मामंजींना विचारलं.

"ठण... ठणीत," मामंजी म्हणाले. बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. दुर्दैवाने अभिमानही.

"आंघोळ?"

"आपली आपण करतात," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने मान वर केली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"जेवण?"

"उत्तम! आमच्यापेक्षा जास्त," वन्सं म्हणाल्या.

"पायऱ्या चढता येतात?"

"मनात आणलं तर चढतील," भाऊजी म्हणाले. हे मात्र अगदी वकिली उत्तर होतं. खोटं म्हणायची सोय नाही.

"आई," धाकटी म्हणाली, "खरं सांगा ना त्यांना. सकाळी मामंजींना बसतं कोण करतं?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसं कोणी पाहुण्यांसमोर पलंगाखालचं ते भांडंच आणून ठेवलंय.

"थोडा हात द्यावा लागतो," भाऊजी हसत म्हणाले. "पण मॅडम, आमचं घर भरलेलं आहे. आम्ही सगळे मिळून करतो. ज्यांना कोणी नाही, अशा माणसाच्या तोंडचा घास आम्ही कशाला घ्यायचा? आमच्या वडिलांनी आयुष्यभर कोणाचं फुकट घेतलं नाही."

"गोठ्याचं छप्पर घेतलं," धाकटी म्हणाली.

"ते गाईंसाठी होतं!" वन्सं कडाडल्या.

"तेच म्हणते मी. गेल्या वर्षी गाईचा पाय मोडला, तर सरकारी डॉक्टर पुढच्या दाराने आले, त्यांना चहा दिला आणि ती गाय उचलायला सहा माणसं लागली. माझ्याकडून रोज दोनदा एक माणूस उचलला जातो, तर ते दिसायला बरं दिसत नाही."

"अगं, जरा..." नवरा म्हणाला. त्याचं वाक्य नेहमीप्रमाणे तिथेच संपलं. सकाळपर्यंत तो तिच्या बाजूचा होता. भाऊजींसमोर तो भावाच्या बाजूचा झाला, आणि आता बाजू बदलायला तिसरी जागाच नसल्यामुळे तो कपबशी उचलून आत ठेवायला गेला.

बाईंनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. मग मामंजींच्या कोटाकडे पाहिलं.

"एक सांगू का? या गावात मला आजवर आजारी माणूस भेटलेलाच नाही. जिथे जाते तिथे कोट घातलेला माणूस बसलेला असतो. जे दिसतं त्यावर मला निर्णय द्यावा लागतो. आणि मला इथे बरे गृहस्थ दिसताहेत, फुलदाणी दिसतेय, आणि करायला चार माणसं आहेत असं ऐकू येतंय." त्या उठल्या. "बरंय तर. येते मी."

येते मी. धाकटीला वाटलं, आपल्या अंगातलं कोणीतरी खाली बसलं. संपलं. संध्याकाळी पुन्हा पट्टा, पुन्हा खांदा, उद्या पुन्हा, आणि मग एक दिवस शेजारी खाट. तिला रडू आलं ते मणक्याचं नव्हे. आई म्हणून हाक मारलेल्या बाईने 'आपली आपण करतात' म्हणावं, याचं आलं.

आणि तेव्हाच तिला मामंजींचा डावा हात दिसला.

या घराची एक जुनी रीत होती. पाहुणा उठला की घरधनी उठणार आणि फाटकापर्यंत सोडायला जाणार. मामंजींनी ती आयुष्यात कधी मोडली नव्हती. ज्याच्याशी वैर त्यालाही ते फाटकापर्यंत सोडत आणि मग फाटकातून शिव्या देत. आता पाहुणी उठली होती. मामंजींची डावी मूठ खुर्चीच्या हातावर आवळली. डावं पाऊल मागे सरकलं. उठण्याआधीची ही तयारी रोज सकाळी धाकटीच्या खांद्यावर होत असे. तिला ती पाठ होती. स्टूल दोन पावलांवर होतं. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली असती, तर खांदा वेळेवर पोचला असता.

ती उठली नाही.

मामंजी उठले. पट्टीने बांधलेली खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. क्षणभर दोघेही पाहुणीला निरोप द्यायला उभे आहेत असं वाटलं आणि मग माणूस आणि खुर्ची एकमेकांना घेऊन कुशीवर आडवे झाले. फुलदाणीही गेली.

"अगं बघत काय बसलीस!" सासूबाई किंचाळल्या. "उचल त्यांना!"

"ऊठ ना, तुला माहितीये कसं उचलायचं ते!" वन्सं ओरडल्या.

"अगं, प्लीज!" भाऊजी म्हणाले.

सगळे मिळून करणारं ते भरलेलं घर, सगळं मिळून तिच्याकडे बघत होतं. कल्याण खात्याच्या बाईही तिच्याकडे बघत होत्या.

"पट्टा काढून ठेवलाय, वन्सं," धाकटी म्हणाली. "हमालासारखी दिसत होते ना."

मग भाऊजींनी स्वतः पुढाकार घेतला. त्यांनी बापाचा लुळा हात धरून ओढला. मामंजींनी अशी किंकाळी फोडली की गोठ्यातल्या गाई उठल्या. नवरा धावत आला. त्याने कोटाच्या मागच्या टोकाला धरलं, आणि कोट पाठीवर टर्रकन उसवला. आत चादरीची पट्टी, पट्टीला सासूबाईंच्या हातची पक्की गाठ. झाकली मूठ उघडली ती अशी. तिच्यात सव्वा लाख काही निघाले नाहीत.

धाकटीने तेवढ्यात मामंजींचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते थरथरत होतं. आपण हे केलं, असं तिला वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. डोकं मात्र तिने सोडलं नाही.

"रोज कोण उचलतं यांना?" बाईंनी विचारलं.

सासूबाई फुलदाणीचे तुकडे वेचायला वाकल्या.

"ही," मामंजी जमिनीवरून म्हणाले.

बाईंनी चक्कीमागच्या गाडीत फोन लावला. गाडीत त्यांची मदतनीस बसली होती. ती आली, बाह्या सरसावल्या, नवऱ्याला कुठे धरायचं ते सांगितलं, आणि दोघांनी मिळून मामंजींना पलंगावर ठेवलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. सासूबाई तोंडाला पदर नव्हे, हात लावून तिच्याकडे बघत राहिल्या होत्या.

"तुम्ही तर... समोरच्यांची मावसबहीण ना?"

"हो."

"मी मास्तरांकडे पाहिलं होतं यांना," वन्सं म्हणाल्या.

"मास्तरांचीही मावसबहीण आहे मी. संघाच्या आत्ताच्या अध्यक्षांचीही." ती मामंजींच्या पाठीशी उशी लावत होती. "गावात माझं गोत मोठं आहे."

सासूबाई मटकन खाली बसल्या. सगळं गाव ताकाला जात होतं, आणि भांडं लपवता लपवता आपलंच काय ते कोरडं राहिलं होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. पण सासूबाई खंबीर होत्या. थोड्याच वेळात त्यांनी सूर लावला.

"मग आमच्याकडेही या बाई तुम्ही. मंजूर होतच असेल तर. फक्त मागच्या दाराने. आणि कोणी विचारलं तर यांची..."

"मावसबहीण. माहीत आहे."

"माझ्या आईला," पलंगावरून मामंजी म्हणाले, "बहीण... नव्हती."

"बाबा, लोकांना कुठे माहितीये?" भाऊजी म्हणाले.

"मला... आहे."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. सभा बरखास्त. खोटं बोलणं त्यांना नामंजूर होतं. पट्टीने बांधून बसणं चाललं होतं, पण नसलेली मावशी चालणार नव्हती. प्रत्येकाची अब्रू कुठे ठेवलेली असते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मदत मंजूर झाली. दुपारी भाऊजींना शहरात तातडीचं काम निघालं आणि वन्संना त्यांच्या गाडीत जागा. संध्याकाळी धाकटी कोपराला मलम लावायला गेली, तेव्हा खोलीत दोघंच होती.

"पाहिलंस... तू," मामंजी म्हणाले. "मी उठताना."

"हो."

"उठली नाहीस."

"नाही." तिने मलमाचं झाकण लावलं. क्षमा मागायची असेल तर हीच वेळ होती. तिने ती जाऊ दिली.

मामंजी म्हणाले, "उशीर... केलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस सवयीप्रमाणे गोठ्यातून आली. मागचं दार आतून लावलेलं होतं. तिने ढकलून पाहिलं, टकटक केली, मग वळसा घालून रस्त्यावर आली. तिथे चक्कीवाला चक्कीच्या चाकावर पट्टा चढवत होता. आपल्या मावसबहिणीला माजी अध्यक्षांच्या फाटकात उभी बघून त्याचा हात चाकावरच राहिला. धाकटीने पुढच्या दाराची दोन्ही कवाडं उघडली.

"इकडून या. सरकारचा जावई आत वाट बघतोय. मानपान नीट करा."

चक्कीवाल्याला ठसका लागला. आतून सासूबाई दबक्या आवाजात ओरडल्या, "दार लाव गं! लोक बघतायत!"

"बघू देत, आई."

मदतनीस उंबऱ्याशी घुटमळली. बूट पुढच्या दारात कुठे काढायचे, हे या गावात तिला अजून कोणी दाखवलं नव्हतं. धाकटीने जागा दाखवली आणि ती चहा टाकायला आत गेली.

पाणी उकळायला लागलं. बैठकीतून आवाज आला, "चला आजोबा, मान माझ्याकडे. एक, दोन..." आणि धाकटीचे हात आपोआप ओट्याच्या कडेवर आवळले गेले, पाठ ताठ झाली, श्वास धरला गेला. पलंग करकरला. मग खुर्ची करकरली. मामंजी बसले होते.

तिने श्वास सोडला. कोणी तिला हाक मारली नाही.